विरोधाची ड्युटी

गुंजाळअण्णांनी आमच्या कारखान्यात पहिल्या दिवशी पाऊल ठेवलं आणि विचारलं, "कोरम हाय का?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. शेवटी स्टोअर सांभाळणारा थोरात पुढे झाला आणि अदबीनं म्हणाला, "स्टॉकमधी न्हाई अण्णा. किती नग लागतील? संध्याकाळपर्यंत मागवून घेतो."

नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना कुकरच्या शिट्ट्या बनवतो. बोर्डावर चांगलं भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे आम्हाला 'शिट्टी कंपनी' म्हणतात. मी तिथे ऑफिसचं काम बघते. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर आणि कारकून झाले, त्यामुळे मुलगी कुठे नोकरीला आहे असं कुणी विचारलं की माझ्या आईचा आवाज अजूनही खाली जातो.

जुने मालक ओरडून कारखाना चालवायचे. चाचणी विभागात दिवसभर शिट्ट्या वाजायच्या आणि त्यांच्यावर मालकांचा आवाज चढायचा. ते वारले तेव्हा आठवडाभर कान रिकामे वाटत होते. त्यांना एकच मुलगी, सुशीलाकाकू. गुंजाळअण्णा हे काकूंचे यजमान. पारनेर तालुक्यातले, हिवरे बाजाराच्या पलीकडच्या एका गावचे. वीस वर्षं ग्रामसेवक होते. सासऱ्यांचा कारखाना गळ्यात पडला तेव्हा नोकरी सोडून आले. लेथ कुठलं आणि ड्रिल कुठलं हे त्यांना माहीत नव्हतं. ग्रामसभा कशी घ्यायची ते मात्र पक्कं माहीत होतं. तेव्हा त्यांनी आमची ग्रामसभा घ्यायला सुरुवात केली.

दर सोमवारी साडेआठ वाजता, पॅकिंग विभागात, खोक्यांवर बसून. आम्ही बेचाळीस जण. निम्मे हजर असले की झाला कोरम. नसले तर अण्णा घड्याळ बघून जाहीर करायचे, "कोरमअभावी सभा तहकूब!" आणि अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हा ग्रामसभेचा नियम त्यांनी आम्हाला पहिल्याच महिन्यात पाठ करून घेतला. तहकूब हा त्यांचा आवडता शब्द. शिंक येता येता राहिली तरी ते "तहकूब" म्हणायचे.

उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे काय ठरलं त्याची वही, माझ्याकडे होती. लिहायला ते मला निळं पेन देत. लाल कधीच उघडलेलं मी बघितलं नव्हतं. एकदा मी सहज हात पुढे केला तर त्यांनी खिशावर हात ठेवला. "त्याचा टाइम आला न्हाई आजून, ताई."

आणि मतदान कशावर व्हायचं म्हणता? पंखा तीनवर की पाचवर. चहात आलं की वेलची. संडासाच्या दाराची कडी आतून की बाहेरून, यावर तर अर्धा तास चर्चा झाली आणि बाहेरूनच्या बाजूला चार मतं पडली. ती कुणाची हे मी आजवर सांगितलेलं नाही.

मान हलवलेली त्यांना चालत नसे. "हात वर करा. मान सभेत धरत न्हाईत. मान तर बैलबी हालवतो."

हात मोजण्याची त्यांची पद्धत कडक होती. एकदा मोजलेला हात परत मोजायचा नाही. त्यामुळेच आमचा गणवेश पिवळा झाला. निळा की पिवळा यावर मतदान होतं आणि दोन्हीकडे सारखी मतं पडणार हे दिसत होतं. निळे हात मोजून झाले. पिवळे मोजताना मागे बाहेरून आलेला वायरमन स्टुलावर चढून ट्यूब बसवत होता. त्याचा हात सगळ्यांत उंच. अण्णांनी तो मोजला. पिवळा एका मतानं पास. वायरमन बिचारा खाली उतरून म्हणाला, "मी तुमच्यातला न्हाई वो." अण्णा म्हणाले, "आता झालास."

पिवळाही असा तसा नाही, पार हळदीचा. आम्ही संध्याकाळी माळीवाड्याच्या स्टँडवर घोळक्यानं उतरलो की लोक विचारायचे, नवरदेव कुठाय?

एकमतानं झालेला ठराव मात्र अण्णा मानत नसत. हा नियम ग्रामसभेचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. "आमच्या गावात एकदा हापशाची जागा ठरवली," ते सांगायचे. "सगळे हो म्हनले. एक बी माणूस न्हाई म्हनला न्हाई. खाली निघाला खडक! मंग कळलं, कुनी आईकलंच नव्हतं. जेवाया जायची घाई हुती समद्यांना. सगळे हो म्हनले की समजायचं, कुनी आईकलं न्हाई."

पण आमच्याकडे अण्णांना नाही कोण म्हणणार? जुन्या मालकांनी तीस वर्षं घासून सगळ्यांच्या माना गुळगुळीत करून ठेवल्या होत्या. अण्णा विचारायचे, विरोध? सगळे जमिनीकडे बघायचे. शेवटी त्यांनी तोडगा काढला. भिंतीवर तक्ता लागला, विरोधाची ड्युटी. दर आठवड्याला एकाचं नाव. त्या आठवड्यात जो ठराव येईल त्याला त्यानं विरोध करायचा. आजारी पडला तर बदली माणूस देऊन जायचं.

थोरातची ड्युटी होती त्याच आठवड्यात पॅकिंगमधल्या एकाचे सासरे गेले. सभेत शोकप्रस्ताव आला. सगळे माना खाली घालून उभे. अण्णांनी सवयीनं विचारलं, "विरोध?" जावई समोरच उभा. थोरातला घाम फुटला. पण ड्युटी म्हणजे ड्युटी. तो म्हणाला, "माझा विरोध हाय." सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा घाईघाईनं पुढे म्हणाला, "म्हंजे, त्यांच्या मरन्याला विरोध हाय."

मी ते तसंच लिहून घेतलं. जावयानं नंतर थोरातला मिठी मारली.

एकदा ज्या कुकर कंपनीला आम्ही माल देतो तिनं पुण्याहून एक तरुण सल्लागार पाठवला. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली, नेतृत्वाच्या पद्धती किती, कंपनीचं वातावरण कशानं सुधारतं, आणि शेवटी म्हणाला, तुम्ही लोकशाही नेतृत्वशैली स्वीकारावी. अण्णांनी त्याचे आभार मानले आणि ताबडतोब ठराव मांडला. लोकशाही नेतृत्वशैली स्वीकारायची का? अडतीस विरुद्ध चार मतांनी ठराव पडला. लोकांना वाटलं, पुण्याचं काहीतरी नवीन खूळ आहे, आपलं सभेचंच बरं. सल्लागार माझ्याकडे असा बघत होता की मला त्याला पाणी द्यावं लागलं.

हसायला येतं, पण खरं सांगते, माणसं बदलत होती. थोरातच्या घरी भाजीवर मतदान व्हायला लागलं होतं, आणि त्याची सासू कायमची अध्यक्ष झाली होती. लेथवरची पोरं मशिनचा आवाज बदलला तर आपणहून सांगायला यायची. पूर्वी मशिन बंद पडेपर्यंत कुणी ब्र काढत नसे. मी स्वतः आईला पहिल्यांदा तोंडावर सांगितलं की शिट्टी कंपनीतच राहणार. तिनं मान हलवली. मी म्हटलं, मान धरत नाहीत.

अण्णा मात्र मनातून घरी होते. सुशीलाकाकू गावाकडे शेती आणि चार म्हशी सांभाळायच्या. अण्णा सावेडीत एका खोलीत एकटे, हातानं पिठलं करून खायचे आणि शनिवारी दुपारपासून एसटीचं टाइमटेबल बघायचे. काकूंनी त्यांना बजावलं होतं, "बाबांचा कारखाना तुमच्यावाचून चालाया लागला की मंग कायमचे या. त्याच्या आधी आलात तर आपलं घर काय शनिशिंगणापुरात न्हाई. दाराला आतून कडी हाय."

एका सोमवारी सभा संपल्यावर मी वही आवरत होते. अण्णा विरोधाच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "ताई, ह्यो सगळा विरोध खोटा हाय वो."

"तुम्हीच लावलाय तक्ता."

"हात वर कराया शिकावं म्हनून लावला. पन कंपनी चालाया लागली हे वळखायचं कसं? ज्या दिवशी मी चुकलो, आन् ड्युटी नसताना कुनीतरी माझ्या तोंडावर सांगितलं, त्या दिवशी. मंग मी मोकळा. लाल पेन त्यासाठी हाय." आणि मग हळूच, "म्हातारी झाली ती बी. म्हशी आवरत न्हाईत तिला."

मी वही बंद केली. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं.

तो दिवस आला दिवाळीच्या तोंडावर. लेथचं सेटिंग सरकलं होतं आणि एक अख्खी रास शिट्ट्या वजनाला हलक्या निघाल्या. शिट्टी हलकी असली की वाफ भरायच्या आत ती उडते. धोका नाही, पण आत काही शिजत नाही. माल न्यायला टेम्पो फाटकात उभा होता. कुकर कंपनीचा माणूस फोनवर बजावत होता, आज माल आला नाही तर ऑर्डर दुसरीकडे देऊ. अण्णांनी तातडीची सभा बोलावली आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. अध्यक्षानं आधी मत सांगायचं नसतं हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. पण त्या दिवशी ते उभे राहिले आणि म्हणाले, "फरक लई थोडा हाय. माल पाठवून द्यावा आसं मला वाटतं."

चाळीस हात वर गेले. माझाही गेला, लपवत नाही.

"विरोध?"

ड्युटी पुन्हा थोरातची होती. तो सवयीनं म्हणाला, "माझा विरोध हाय, पन जाऊ द्या माल." सगळे हसले.

आणि मागून अजून एक हात वर आला. शमीमआपांचा. आपा चाचणी विभागाच्या प्रमुख. मुकुंदनगरातून वीस वर्षं सायकलवर येतात. इतकी वर्षं शिट्ट्या ऐकून त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या बोलतात तेव्हा सगळ्यांना ऐकू जातं.

"आपा, हात खाली घ्या," थोरात म्हणाला. "तुमची ड्युटी श्रावनात झाली."

"ड्युटी घाल चुलीत!" आपा म्हणाल्या. "अण्णा, शिट्टी बरोबर का चूक हे हात वर करून ठरत न्हाई. वाफ काय हात मोजून निघती का? कुनाच्या तरी घरात ह्याच्यावर डाळ शिजनार हाय. तुमी चुकताय."

पॅकिंग विभागात सुई पडली असती तरी ऐकू आली असती, अर्थात आपांना सोडून.

अण्णांचा चेहरा मी बघितला. आधी तो लाल झाला, मालकाचा होतो तसा. मला वाटलं, आता हे ओरडणार. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि खिशातलं लाल पेन काढून माझ्यासमोर धरलं.

"विरोध लिवा, ताई. शमीमआपा. ड्युटी नसताना."

पेन चालेना. इतकी वर्षं पडून शाई वाळली होती. अण्णांनी ते तळहातावर घासलं, फुंकर मारली, पुन्हा घासलं. त्यांचा तळवा रेघांनी भरला तेव्हा कुठे ते उमटलं. मी लिहिलं.

"ठराव मंजूर हाय," अण्णा म्हणाले. "सभेचा निकाल मी मोडनार न्हाई. पन अंमलबजावनी उद्या. ज्यांनी हात वर केला, त्या प्रत्येकानं ह्या मालातली एक शिट्टी घरी न्यायची आन् आपल्या कुकरला लावायची. मी बी नेतो. टेम्पो तहकूब!"

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरात आला तो डबा छातीशी धरून. त्याच्याकडे एकतीस शिट्ट्या झाल्या होत्या. सतराव्या शिट्टीला शेजारी चौकशीला आले. एकतिसाव्या शिट्टीला सासूनं झाकण काढलं तर डाळ मोत्यासारखी टणक. तिनं तीच डाळ डब्यात भरून दिली होती. "ज्यानं हात वर केला त्यानं खावी," असा निरोपही होता. लेथवरच्या एकाच्या बायकोनं कुकरच माहेरी नेला होता. माझ्याकडे आईनं अर्धकच्च्या वरणाचा पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "शिट्टी कंपनी!" मी वरण परत गॅसवर चढवलं. अण्णांच्या खोलीवर बटाटे तसेच राहिले होते. ते त्यांनी सभेत आणून टेबलावर ठेवले. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी चुकलो. माझ्या मागं तुमी चुकलात. ह्ये बी लाल पेनानं लिवा."

माल रद्द झाला. थोरातला ड्युटीप्रमाणे रद्द करण्यालाही विरोध करावा लागला. "माझा विरोध हाय," तो म्हणाला, "पन माल गेला तर मला घरात घेनार न्हाईत." नव्या शिट्ट्या करायला आम्ही दिवाळीतले सगळे दिवस भरले. तरी निम्मी ऑर्डर गेली ती गेलीच. आपांना कुणी बोल लावला नाही. उलट लेथवाले शिट्टी बनवली की आधी त्यांच्याकडे नेऊन विचारायला लागले, बघा बरं, शिजंल का?

दिवाळीनंतरच्या सोमवारी अण्णांनी माझ्या हातात विषयपत्रिका दिली. विषय एकच. अध्यक्षांची निवृत्ती, आणि नव्या अध्यक्ष म्हणून शमीमआपा. मी तो वाचून दाखवला.

थोरातनं इकडे तिकडे बघितलं. मग उठला. "मी जरा च्या पिऊन येतो," म्हणाला आणि गेला. त्याच्यामागे पॅकिंगवाले गेले. मग लेथवाले. शेवटी आपाही पदर सावरत उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कोरम न्हाई, अण्णा. सभा न्हाई." बघता बघता सगळं पिवळं फाटकाबाहेर, समोरच्या टपरीवर. कोरम मोडून त्यांनी अण्णांना अडवलं होतं.

अण्णांना किती आनंद झाला म्हणून सांगू! "बगितलं का ताई? नियम कसा पाठ हाय!" ते खोक्यावर बसून हसत राहिले. मग घड्याळ बघून म्हणाले, "सभा तहकूब."

अर्ध्या तासानं तहकूब सभा भरली. हजर दोघं, अण्णा आणि मी. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे बाहेरचे चहाच्या नादात विसरले होते. अण्णा विसरले नव्हते.

"ठरावाच्या बाजूनं?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उजवा हात वर केला.

"विरोध?"

त्या आठवड्यात तक्त्यावर माझं नाव होतं. मी हात वर केला.

"एकास एक. समसमान," अण्णा म्हणाले. "समसमान झाली की अध्यक्षाला जादाचं मत." आणि त्यांनी डावाही हात वर केला. दोन्ही हात वर करून, टोपी घातलेला तो उंच माणूस पोलिसांनी घेरल्यासारखा खोक्यांमध्ये उभा होता. "ठराव मंजूर."

मी निळं पेन घेऊन लिहायला वाकले. विरोध एक, एवढं लिहायचं होतं.

"ड्युटीचा हाय का?" अण्णांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मान धरत न्हाईत, ताई."

"ड्युटीचा नाही," मी म्हणाले. "खरा आहे. तुम्ही जाऊ नये. चुकताय तुम्ही."

त्यांनी माझ्या हातातलं निळं पेन काढून घेतलं आणि लाल दिलं. या वेळी ते पहिल्याच अक्षराला चाललं. पेन मी परत द्यायला लागले तर त्यांनी घेतलं नाही. आणि सभेचा निकाल त्यांनी मोडलाही नाही.

पिशवी घेऊन ते बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले तेव्हा टपरीवरच्या लोकांना कळलं. अण्णांनी एसटीला हात केला. पहिली गाडी थांबलीच नाही. अण्णा आमच्याकडे वळून ओरडले, "कोरम न्हाई!" दुसरी थांबली. ते चढले, खिडकीत बसले आणि खिडकीतून हात बाहेर काढून वर धरला. "ओ बाबा, हात आत घ्या!" कंडक्टर खेकसला. अण्णांनी घेतला नाही.

टपरीवर कुणीच काही सांगितलं नव्हतं, तरी चाळीस पिवळे हात वर गेले. गाडी वळणाआड गेली तरी ते खाली येईनात. चहावाला ग्लास धरून नुसता बघत राहिला.

मग थोरात, नाक पुसत, एसटी गेली त्या बाजूला बघून मोठ्यानं म्हणाला, "माझा विरोध हाय."

ड्युटी त्याची नव्हती, माझी होती. वही आत राहिली होती, म्हणून मी तळहातावरच लाल पेनानं लिहून घेतलं. विरोध एक. थोरात.